हापशाकडची जागा

दत्ता सरांना फुटबॉल अजिबात येत नव्हता.

आज त्यांची तेरवी झाली, म्हणून खरं सांगतेय. चिडायला आता ते नाहीत.

सर आमच्या सेनगावजवळच्या गोरेगावच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवायचे. एकदा शाळेत खेळाचं सामान आलं, त्यात एक फुटबॉल निघाला. सरांच्या गळ्यात शिट्टी पडली आणि ते कोच झाले.

सुरुवातीला ग्राउंडवर नुसता धुरळा.

बॉल जिकडे, आम्ही सगळे तिकडे. गोलकीपरसुद्धा! आपल्याच पोरांच्या नडग्या फोडायच्या आणि बॉल कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही.

"पांगा! अरे पांगा रे लेकरांनो! काहून एकमेकाच्या अंगावर पडून राहिलात?"

सरांचा घसा बसायचा. आम्ही ढिम्म.

मग गावात एक लग्न निघालं.

गावात पंगत कोणाचीही असो, वाढप सांभाळायचं ते दत्ता सरांनीच. शाळेतली पोरं त्यांच्या हाताखाली वाढायची. त्या दिवशी सर बघतच राहिले. ग्राउंडवर ढीग करून पडणारी हीच कार्टी इथे आपापली ओळ धरून शहाण्यासारखी चालत होती.

दुसऱ्या दिवशी सर घरातल्या सगळ्या रिकाम्या बादल्या घेऊन ग्राउंडवर हजर. मागे त्यांच्या बायकोची, आमच्या काकूंची बोंब.

एकेक बादली लांब लांब मांडून सर म्हणाले, "आजपासून हे ग्राउंड न्हाई, पंगत हाय. मागं पोळीवाले, मधी वरणवाले, पुढं बुंदीवाले. सगळे एकाच ओळीत घुसले तर बाकीचे उपाशी उठतेत. समजलं का?"

समजलं. पहिल्यांदाच समजलं!

बुंदीवाला मात्र सगळ्यांनाच व्हायचं होतं. झाला गण्या. कारण त्याच्याकडून बॉल काढून घ्यायची कोणाची टाप नव्हती.

पोरं कमी पडली म्हणून टीममध्ये घेतलेली मी एकटी मुलगी. मला मिळाली डावीकडची कड, हापशाजवळची.

"तू पाण्यावर, सुनी," सर म्हणाले.

मी तोंड फुगवून बसले. माझ्याकडे कोणी पासच देत नव्हतं, त्यात हे पाणी!

सर जवळ आले. "पाणीवाल्याला कोणी इचारत न्हाई, बाई. पण ठसका लागला की सगळे त्यालाच हाका मारतेत. तू जागा सोडू नको. बॉल येईन."

मी जागा सोडली नाही. रोज संध्याकाळी हापशाकडे उभी राहून बॉलची वाट बघायची, एवढाच माझा फुटबॉल.

मग सेनगावला मॅच. जीपमध्ये कोंबून गेलो. आणि काय पांगलो होतो म्हणून सांगू! समोरच्या टीमचे सर बघत राहिले.

एवढ्यात बॉल आमच्या दोन पोळीवाल्यांच्या मधून सरळ गोलकडे निघाला. दोघेही जागचे हलले नाहीत.

"तुझ्या ओळीत हाय!"

"न्हाई, तुझ्या!"

गोल.

सर कपाळावर हात मारत थेट ग्राउंडमध्ये घुसले. "अरे येड्यांनो, शेजारची ओळ उपाशी असली तर आपली बादली घेऊन जायचं असतंय!"

रेफरीने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. आजही आठवलं की हसू येतं, आणि मग डोळे भरून येतात.

शेवटी शेवटी बॉल गण्याकडे आला. त्याच्या भोवती सगळी समोरची पोरं. माझी बाजू पूर्ण मोकळी. मी जीव तोडून ओरडले, "गण्या, इकडं!"

त्याने पाहिलं. मला अगदी नीट पाहिलं. आणि स्वतःच बॉल मारला, तो गेला रस्त्यावर.

हरलो.

परतताना जीपमध्ये मी सरांच्या शेजारी बसून रडत होते. "सर, बॉल आलाच न्हाई."

"आज न्हाई आला. पण तू बराबर उभी होतीस. मी पाहिलं ना."

पुढच्या वर्षी आईने माझं खेळणं बंद केलं. मग शिक्षण, नोकरी, पुणे. तो बॉल यायचा राहूनच गेला.

आज पंगत शाळेच्या ग्राउंडवरच होती. मी पोचले तेव्हा लोक बसत होते. आमची टीम, आता पोटं सुटलेली, हातात बादल्या घेऊन उभी होती. पोळी मागे, वरण मध्ये. सांगायला सर नव्हते, तरी कोणी कोणाच्या अंगावर पडत नव्हतं.

मला कळेना, आपण कुठे जायचं. बायकांत बसावं, की शाळेत आत काकूंजवळ जावं? गावात आता माझी जागा अशी कुठे उरलीय?

तेवढ्यात गण्या आला. टक्कल पडलंय त्याला. हातात पाण्याचा भरलेला जग.

"सुने, उभी काहून राहिलीस? हापशाकडची ओळ तुझ्यासाठी मोकळी ठिवली. कोणाला जाऊ दिलं न्हाई तिकडं."

आणि जग माझ्या हातात दिला.

मी ती अख्खी ओळ पाणी वाढत गेले. रडत रडत गेले, लाजले नाही.

सर, बॉल आला.

तुम्ही आता निवांत जा. तुमच्या पाणीवालीचा शेवटचा नमस्कार.