काळ्या ठिपक्यांच्या मासोळ्या

माशांवरचे परजीवी हा विषय मी पीएचडीसाठी खूप विचार करून निवडला, असं मी आज वर्गात सांगते. खरी गोष्ट अशी की मी मार्गदर्शक सरांकडे पोचेपर्यंत फुलपाखरं एकीने नेली होती, साप एकाने नेले होते आणि पक्षी सरांनी स्वतःच्या पुतण्यासाठी राखून ठेवले होते. उरले जंत. "यात फार वाव आहे," सर म्हणाले. ज्या विषयाकडे कुणी फिरकत नाही, त्यात विद्यापीठाला कायम वाव दिसतो.

घरी आईने ठरवून टाकलं की पाहुण्यांना फक्त "पोरगी संशोधन करते" एवढंच सांगायचं. पण मला बघायला आलेल्या एका मुलाच्या काकांनी खोदून विचारलं आणि मी उत्साहाने माशाच्या कातडीखालच्या अळीचं वर्णन केलं. त्यांनी पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. ते लग्न मोडल्याचं खापर आई अजून जंतांवर फोडते. मी मात्र त्यांचे उपकार मानते.

नमुन्यांसाठी मी दर आठवड्याला वाशीमहून केनवडच्या बाजाराला जायचे. तिथे एक मावशी ओल्या पोत्यावर बारीक मासोळ्यांचे वाटे मांडून बसायची. नवरा जवळच्या तलावात जाळं टाकायचा, ही विकायची. ज्या मासोळ्यांच्या अंगावर खसखशीएवढे काळे ठिपके असत, त्या गिऱ्हाईक बाजूला सारायचं. मी नेमक्या त्याच उचलायचे. दोन-तीन बाजार तिने पाहिलं, मग तिला राहवेना.

"म्याडम, चांगल्या मासोया सोडून ह्याच काहून घेता? मांजर पोसली का?"

"नाही मावशी, ह्या काया ठिपक्याचा अभ्यास करून राह्यली मी."

"त्याचा कायचा अभ्यास? उगवतीच्या कडेले, बगये बसते नं, तिकडच्या मासोयीले येतात थे."

मी कौतुकाने हसले. शिकलेली माणसं न शिकलेल्यांचं बोलणं ऐकून हसतात, तसं. मग पुढचे चार महिने तलावाच्या मावळतीच्या कडेला गोगलगायी गोळा केल्या, कारण तिकडे डांबरी रस्ता जातो आणि चपला भिजत नाहीत. एकाही गोगलगायीत काही सापडलं नाही. तसा अहवाल मी सरांना दिला. तो त्यांना आवडला, कारण तो छोटा होता.

गोगलगायी कशासाठी, ते सांगायला हवं. हा जंत मोठा होतो बगळ्याच्या आतड्यात. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, अंड्यातून निघालेला जीव गोगलगायीत शिरतो, तिथे वाढून दुभंगलेल्या शेपटीची अळी होऊन बाहेर येतो आणि मासोळीची कातडी भेदून आत बसतो. मासोळी त्याच्याभोवती स्वतःचाच काळा रंग जमवते, तो हा ठिपका. मग बगळा मासोळी गिळतो आणि जंत आपल्या घरी पोचतो. माणसाच्या वाट्याला तो जातच नाही. नीट शिजवला की संपला.

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी बाजारातही म्हटलं होतं. पण तोवर व्हिडिओ बंद झाला होता.

झालं असं की मी पोत्याशेजारी उकिडवी बसून भिंगातून मासोळी पाहत होते. एक गुरुजी थांबले. "काय पाहून राह्यल्या मॅडम?" म्हणत त्यांनी मोबाईल काढला. कॅमेरा दिसताच माझी वऱ्हाडी गळून पडली आणि मी पुस्तकी भाषेत बोलू लागले: "या माशांच्या कातडीत कृमींच्या जिवंत अळ्या आहेत." गुरुजींना तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य आख्ख्या रिसोड तालुक्यात फिरून आईच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलं. वर मथळा: "केनवडच्या माशांत जीवघेणे किडे! डॉक्टर मॅडमचा खुलासा." विद्यापीठाला पदवी द्यायला पुढे तीन वर्षं लागली, व्हॉट्सॲपने ती एका दिवसात दिली.

पुढच्या बाजारी गेले तर कोंबडीवाल्यापुढे रांग होती आणि मावशीपुढे माशा. घमेलं काठोकाठ भरलेलं.

"आल्या का?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "घ्या. आज समद्या तुमच्याच हायेत. माहा नवरा पहाटपासून कमरेएवढ्या पाण्यात उभा होता."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठून येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावू लागले, हा किडा माणसाला लागत नाही, शिजवल्यावर मरतो. लोक मान डोलवत होते आणि कोंबडीकडे जात होते. ज्या मॅडमनी किडे सांगितले त्याच आता नाही म्हणतात, म्हणजे कुणीतरी दाबलं असणार, असंही एकजण माझ्यादेखत म्हणाला.

मावशी सगळं बघत होती. मग म्हणाली, "पोरी, तू लय बोलतं. खाऊन दाखव."

इथे एक कबुली देते. दोन वर्षं रोज मासोळ्या फाडल्यावर मी मासे खाणं सोडलं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती आणि घमेलंही तिथेच होतं.

शेजारच्या भजेवाल्याने कढई द्यायला नकार दिला, भज्यांना वास लागेल म्हणून. त्याच्या तेलाला आधीच कशाकशाचे वास होते ते मला ठाऊक होतं. मावशीने तीन दगड मांडले, काड्या पेटवल्या, कुठूनसा तवा आणला. मीठ, हळद, तिखट लावून तिने मासोळ्या टाकल्या, त्याही निवडून, जास्तीत जास्त ठिपक्यांच्या. गर्दी जमली. मी पहिली तोंडात घातली तेव्हा डोळ्यांपुढे ती अळी आली, तिची शेपटी, तिचं तोंड. चावलं. गिळलं. दुसरी खाल्ली. तिसऱ्या मासोळीला, खोटं कशाला सांगू, चव लागली.

तेवढ्यात गर्दीत गुरुजी मोबाईल वर धरून उभे दिसले. मावशीने त्यांच्यापुढे तळलेल्या मासोळ्यांचं पान धरलं.

"घ्या गुरुजी. इडिओ काढाले पुढं होते नं?"

"आज चतुर्थी हाये माही," गुरुजी म्हणाले.

"चतुर्थी परवाच झाली," मागून एक बाई म्हणाली.

गुरुजींनी खाल्ली. चांगल्या पाच खाल्ल्या. त्या व्हिडिओचं काय झालं कुणास ठाऊक. तो कुठल्याही ग्रुपवर आला नाही. गिऱ्हाईक मात्र हळूहळू फिरलं. चार-पाच बाजार लागले. तोवर मी दर आठवड्याला तिथे बसून खात होते. त्या दिवसांत माझं वजनही वाढलं.

मग एक दिवस मावशी म्हणाली, "ज्याच्यापायी एवढं झालं, तो किडा मले दाखव."

ती वाशीमला माझ्या कॉलेजात आली ती डब्यात जिवंत मासोळ्या घेऊन. शिपायाने दारात अडवलं, मासे विकायला आत जाता येत नाही म्हणाला. मी जाऊन तिला आणलं. सुईने ठिपका फोडला, अळी काचेवर मोकळी केली आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मावशीने आधी मिटायचा तो डोळा उघडा ठेवला, मग उघडा ठेवायचा तो मिटला, शेवटी जमलं. भिंगाखाली अळी लांब होत होती, आखडत होती.

"कशी चालून राह्यली बाई," ती म्हणाली. "अन् हिले मासोयीतून बगयात जा लागते?"

"त्याच्या आधी गोगलगायीत."

"तीन घरं. अन् एकबी सोताचं नाही."

मी परजीवींवरचे बरेच शोधनिबंध वाचले होते. हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला उगवतीच्या कडेला नेलं. गुडघाभर चिखल, चपला गेल्या. बगळ्यांनी पांढरी केलेली एक बाभूळ पाण्यावर झुकलेली होती आणि तिच्याखाली गोगलगायीच गोगलगायी. प्रयोगशाळेत त्या स्वच्छ पाण्यात ठेवल्या. उन्हं वर आल्यावर पाण्यात दुभंगल्या शेपटीच्या अळ्या नाचू लागल्या. माझा अख्खा प्रबंध त्या एका बाभळीखाली निघाला.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. सरांनी त्या खोडून "स्थानिक रहिवाशांचे सहकार्य लाभले" असं केलं. त्याच पानावर सरांच्या पुतण्याचे मात्र "मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल" आभार होते. त्याने मला एकदा पंखा लावून दिला होता. मी त्या दुरुस्तीवर सही केली, कारण मला पदवी हवी होती. त्याची लाज वाटते, आणि ती लाज लिहायला प्रबंधात जागा नसते.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती मासोळ्यांवर पाणी शिंपडत होती. "छापून काय होते?" म्हणाली, आणि समोरच्या बाईकडे वळली. ती बाई ठिपक्यांची मासोळी उलटीपालटी करून बघत होती.

"घे वं माय," मावशी तिला सांगत होती, "थो किडा बगयाचा हाये, तुह्या कामाचा नाही. चुलीवर चांगली शिजव म्हंजे झालं."

बाईने अर्धा वाटा घेतला. मीही घेतला.