गुडघे कोणी टेकले

बाजारात सांगतात, आमची राजमाता इतकी ताठ की पोटच्या राजापुढेही गुडघा टेकत नाही; उलट राजालाच टेकायला लावते. मासेवाली सांगते, पाववाला सांगतो, आणि पाववाला तर सांगता सांगता मानही तश्शी ताठ करून दाखवतो. साफ खोटं. पेट्रोनिला बाईसाहेब गुडघे टेकायला तयारच होत्या. प्रश्न एवढाच होता, की कुणापुढे?

त्या एका सरदाराची मुलगी, दुसऱ्या सरदाराची बायको. नवरा हरणाऱ्या बाजूने लढला आणि मुंडकं गमावून बसला. पोराचा गादीवर हक्क लागत होता, म्हणून त्याच्याही गळ्याला कुणी हात घालायच्या आत, पाच वर्षांच्या ऑस्बर्टला त्यांनी एका सकाळी समुद्रापार धाडलं. ओहोटी लागलेली, नावाडी ओरडत होता, पोर गेलं. पुढची सोळा वर्षं बाईसाहेब या दलदलीतल्या घरात नजरकैदेत. रोज प्रार्थनाघराच्या गार फरशीवर गुडघे टेकून त्याच्यासाठी देवाला आळवायच्या. बाकीचे हक्कदार आपसात लढून संपले, पोर राजा झालं. पण बाईसाहेबांचे गुडघे गेले ते गेलेच. एकदा टेकले की उठवायला दोन माणसं लागतात.

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा मोठा उपवास लागायच्या आदल्या दिवशी सकाळी निरोप आला : राजा दुपारी येतोय. स्वयंपाकघरात उपवासाला न चालणारी उरलीसुरली अंडी नि लोणी संपवायची धांदल चाललेली. बाईसाहेब मात्र जुन्या दासीला, गोडिथाला, कोपऱ्यात घेऊन गेल्या.

"मी त्याला ओळखणार कशी गं? घोळक्यात दुसऱ्याच कुणापुढे टेकले तर?"

"सगळ्यात पुढे असेल तो राजा, बाईसाहेब."

"पुढे कुत्रे असतात."

"मुकुट असेल की!"

"घोड्यावर? या पावसात?"

"मग ज्याच्याकडे सगळे बघतील तो."

"सगळे माझ्याकडे बघत असतील, बये! आईला पोर ओळखता आलं नाही, हे उद्या पाववाल्याच्या तोंडी."

दुपारी दालनात सात तरुण शिरले. सातही चिखलाने माखलेले, सातांचेही झगे भिजून एकाच रंगाचे. कारभारी हॅमो नाव पुकारणार, तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली. बाईसाहेबांची नजर भिरभिरली. नवऱ्यासारखं नाक? ते तर तिघांना होतं. त्यांनी सगळ्यात उंच पोराकडे एक पाऊल टाकलं, झगा सावरला...

धप्प! मागून एक बुटका, लाल कानांचा तरुण पुढे आला आणि दोन्ही गुडघे टेकून, डोकं पुढे करून बसला. आपल्याकडे घरोघरी पोरं रोज सकाळी आईबापापुढे बसतात, अगदी तसा.

"आई, आशीर्वाद दे," तो म्हणाला. "त्या सकाळचा राहिलाय."

नावेच्या घाईत राहिला होता खरा. सोळा वर्षं बाईसाहेबांना वाटत होतं, ते फक्त आपल्यालाच आठवतंय. त्यांनी त्या ओल्या केसांवर हात ठेवला आणि सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला.

"त्या सकाळी तुझं नाक पुसायचंही राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "अजून राहिलेलंच दिसतंय."

राजाने बाहीला नाक पुसलं. सोबतचे सहा सरदार आधी छताकडे बघत राहिले, मग खो खो हसत सुटले.

"मीही टेकणार होते रे, तू आता महाराज. पण टेकले तर तुम्हा सातांना मिळून उचलावं लागेल."

"मग राहू दे आई. आम्ही सकाळपासून उपाशी आहोत."

आता माझं. त्याच दिवशी सकाळी मी, इथली मोलकरीण, भांडी घासणाऱ्या बायकांपुढे बाईसाहेबांच्या आवाजात कण्हत कण्हत, राजा समजून घोडेवाल्यापुढे गुडघे टेकून दाखवत होते. वळून बघते, तर दारात त्या स्वतः.

"चुकीच्या माणसापुढे टेकले, तर माझी निळी शाल तुझी," त्या म्हणाल्या. "नाही टेकले, तर ईस्टरपर्यंत तुझ्या तोंडून दुसऱ्या कुणाचा आवाज निघता कामा नये."

शाल मलाच मिळणार, याची आम्हा दोघींनाही जवळजवळ खात्री होती. काल हॅमो कारभारी मासे धरताना तळ्यात पडला. तो ओरडला कसा, हे अख्ख्या घराला माझ्याकडून ऐकायचंय. ईस्टरला अजून एकोणीस दिवस आहेत.