रेषवाली

तिचं हे टोपणनाव मीच पाडलं, आणि कौतुकानं नव्हे. आमच्या अतिदक्षता विभागात ती आली तीच सोनोग्राफीचं छोटं यंत्र ढकलत. रुग्णाच्या उजव्या फासळ्यांखाली जेली लावायची, यंत्राचा दांडा टेकवायचा आणि पडद्यावर एक पांढरी रेष शोधायची. ती रेष म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू. माणूस श्वास घेतो तेव्हा तो खाली सरकतो. किती सरकला ते मोजून ती सांगायची, याची व्हेंटिलेटरची नळी काढावी की अजून थांबावं.

हे सांगण्याचा मान तिच्याआधी चोवीस वर्षं माझा होता. मी इथली सगळ्यात जुनी सिस्टर. आधी तळवे चोळून गरम करायचे, कारण गार हात लागला की माणूस श्वास आवरतो. मग हात फासळ्यांखाली ठेवून गप्प उभं राहायचं. मोठे डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी येऊन विचारायचे, "ताई, हात काय म्हणतो?" त्या एका प्रश्नासाठी मी घरी सासूबाईंची बोलणी खाल्ली आणि इथे कंबरेचे टाके ढिले करून घेतले. ती आली आणि तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर विचारू लागले, "रेष काय म्हणते?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून मी दहाव्या दिवसाची वाट बघत बसले. तो काही उजाडला नाही.

बरं, नावं ठेवायला तिनं जागा तरी ठेवावी! पंप दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. लहानपणी वडिलांसोबत हिंडून, आवाजावरून पंप कुठे अडलाय ते ओळखायला शिकलेली. अक्षर तेवढं कोंबडीच्या पायांचं. त्याचा मला फार आधार वाटायचा. जेलीची बाटली ती कोमट पाण्यात ठेवायची. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, तुम्ही तळवे चोळता ते बघून सुचलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की हिनं तेही उचललं.

गिरणीवाले काका तेव्हा खिडकीजवळच्या पलंगावर होते. पस्तीस वर्षं पिठाची धूळ आणि वर सिगारेटी, फुप्फुसांची पार चाळण झालेली. ती येण्याआधी माझ्या हातावर विसंबून दोनदा त्यांची नळी काढली होती आणि दोन्ही वेळा काही तासांत परत घालावी लागली होती. माझ्या तळव्याखाली पोट तर छान हलत होतं. पुढे रेषवालीनं मला पडद्यावर दाखवलं, की ते हलणं पोटाच्या स्नायूंच्या धडपडीचं होतं. खरा श्वासाचा स्नायू जागचा हलतच नव्हता. हे तिनं मला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगितलं. चारचौघांत बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

तिच्या सांगण्यावरून काकांना थांबवलं. रोज सकाळी मोजणी व्हायची. रेष एक सेंटिमीटरच्या पुढे सरकायला हवी होती आणि ती अर्ध्यावरच रेंगाळत होती. मोठ्या डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं: ही तिसरी खेप. याही वेळी नळी परत घालावी लागली, तर माणूस घरी जाईल याची खात्री मी देत नाही. काकू तेव्हापासून रोज इस्त्री केलेला एक सदरा आणून खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या आणि संध्याकाळी परत न्यायच्या.

त्या दिवशी सकाळी मी काकांचं अंग पुसलं. तेवढ्यानंच त्यांना धाप लागली, म्हणून मी व्हेंटिलेटरचा जोर वाढवला. पलीकडच्या पलंगावरून हाक आली, मी धावले, आणि जोर कमी करायचा राहिला. पलंगाशी टांगलेल्या नोंदींच्या तक्त्यावर लिहायचाही राहिला.

नऊच्या फेरीत रेषवालीनं मोजलं. दीड सेंटिमीटरच्याही पुढे. मोजण्याआधी व्हेंटिलेटरचा जोर बघायचा, हा तिचा नेम. पण त्या दिवशी तिनं फक्त माझा तक्ता बघितला. ताईंनी लिहिलंय म्हणजे बघायलाच नको, असं ती डॉक्टरांना म्हणालीसुद्धा. काकूंनी सदऱ्याची घडी मोडली. डॉक्टरांनी हातमोजे चढवले.

मला त्याच क्षणी आठवलं होतं. रेष काकांनी ओढलेली नव्हती, व्हेंटिलेटरनं ढकललेली होती. मी गप्प राहिले. पडू दे एकदा तोंडावर, असं माझ्या मनात अगदी शब्दांत आलं. नळीची चिकटपट्टी एका गालावरून सुटली. काका माझ्याकडेच बघत होते, कारण आधीच्या दोन्ही वेळा मीच त्यांच्या उशाशी होते. डॉक्टरांनी दुसऱ्या गालाकडे हात नेला.

"थांबा," मी म्हणाले. "जोर मी वाढवलाय. तक्त्यावर लिहिलेला नाही."

जोर कमी करून पुन्हा मोजलं. रेष पाऊण सेंटिमीटरही सरकली नाही. डॉक्टर माझ्याकडे वळले, तोच रेषवाली मध्ये बोलली: "चूक माझी आहे, सर. व्हेंटिलेटर न बघता मोजलं." सगळी बोलणी तिनं ऐकून घेतली. मी जळत उभी होते. हात गेला, मान गेला, आता चूकसुद्धा हिनंच नेली.

दुपारी हात धुताना ती शेजारी आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बोलला नसतात तर?"

"तर तू तोंडावर पडली असतीस," मी म्हणाले. "तेच बघायला मी गप्प उभी होते."

तिनं नळ बंद केला. "मला दिसलं होतं," ती म्हणाली. "पट्टी सुटायच्या आधीच तुमचा चेहरा बदलला होता. का, ते तेव्हा कळलं नाही."

त्यानंतर बाराव्या दिवशी रेष खरोखरच सव्वा सेंटिमीटर सरकली आणि काकांची नळी निघाली. यंत्र पुसत रेषवाली दुसऱ्या पलंगाकडे गेली आणि काकूंनी काकांना सदरा घातला, बटणं एकेक करून, मध्ये त्यांना दम खाऊ देत. पुन्हा नळी घालावी लागली नाही.

चोवीस वर्षांत माझा तक्ता कुणी पडताळून पाहिला नव्हता. आता ती रोज पाहते. आधी व्हेंटिलेटरवरचा आकडा वाचते, मग माझा, मग दांडा हातात घेते. अगदी माझ्यासमोर. आणि तिला दोन्ही आकडे नीट दिसावेत म्हणून तक्ता मीच धरते.