पिवळ्या पिनची केबल

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलासुद्धा नाही.

माझा मामेभाऊ दत्तादादा श्रीगोंद्याकडच्या एका गावात राहतो. दिवाळीत त्यानं मुलासाठी टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला. अँटिनाच्या वायरीतून चित्र यायचं, पण नुसत्या मुंग्या. आळीतली पोरं कालवा करत होती. दादा म्हणाला, "आमचा इंजिनियर आलाय की! बघ रं, लई मुंग्या हायेत."

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला. काय येत होतं मला? पण सगळे बघत होते. मी म्हणालो, ही वायर नको, पिवळ्या पिनची केबल लावू. त्या जुन्या टीव्हीला तिच्यासाठी जागाच नव्हती — मग मी मागचं झाकण उघडलं आणि केबल थेट आत सोल्डर केली. चित्र लख्ख आलं. मामींनी माझी दृष्ट काढली.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. लपवलंय ते पुढचं.

सुट्टी संपल्यावर नगरला, प्रॅक्टिकलच्या तासाला सर सहज बोलून गेले — जुन्या टीव्हीच्या आतल्या पत्र्यात घरातला करंट उतरू शकतो, त्याला बाहेरची केबल थेट जोडायची नसते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला, की संपलं. मामांच्या घरात सारवलेली जमीन, पोरं अनवाणी...

गावातल्या किराणा दुकानात फोन होता. मी बूथपर्यंत गेलो — खरंच गेलो. नंबर फिरवला. पलीकडून "कोन बोलतंय?" ऐकलं, आणि ठेवून दिला. काय सांगणार होतो? की तुमच्या इंजिनियरला काही येत नाही? प्लग सरळच बसत असेल, असं स्वतःला सांगितलं. रोज सांगितलं. भीती कशाची होती — पोरांना काही होईल याची, की मला हसतील याची? हसण्याची. तेव्हाही ते मला ठाऊक होतं.

संक्रांतीच्या सुमारास वडील होस्टेलवर आले. डबा हातात दिला आणि म्हणाले, "दत्ताला करंट बसला रं. पोरगं त्या पिवळ्या पिनेला चिकटलं, त्याला वडाया गेला. पोरगं वाचलं. दत्ताचा उजवा हात काय उघडंना. वायरमन इचारीत हुता, केबल कुनी जोडली. दत्ता म्हनला, म्या."