मिनोरीचा तिसरा जोडीदार

मिनोरी कुवाबारा बर्फावर नाचते, आणि त्यासाठी एक पुरुष लागतो. सगळी रड तिथंच.

पहिल्या जोडीदाराबरोबर ती जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आली. जोड्या चारच होत्या, पण हे तिच्या वडिलांनी शेजाऱ्यांना कधी सांगितलं नाही. तो दातांचा डॉक्टर व्हायला निघून गेला. दुसऱ्याबरोबर दुसरी आली, कोचच्या मागोमाग अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला येऊन राहिली, आणि दुसऱ्याचा गुडघा गेला. आता वय सत्तावीस. सकाळी रिंकवर पाच वर्षांच्या पोरांना न रडता पडायला शिकवायचं, दुपारी जोडीदार शोधायचा. आता नाही जमलं तर ऑलिम्पिक कायमचं टीव्हीवरच बघायचं.

मग सापडला परीक्षित. इथेच जन्मलेला, चोवीस वर्षांचा, हात भक्कम. जोडी जमते का बघायला तीन दिवस ट्रायआउट चालली. तिसऱ्या दिवशी दोघांनी अख्खी रिंक ओलांडली आणि चार स्केट्सचा आवाज एकच आला. कोच उगाचच नाक पुसत बसली.

"घरी ये ना," परीक्षित म्हणाला. "आईबाबांना तुला भेटायचंय. फक्त चहा."

हे लग्नाचं नाही, हे त्याच्या आईला, शैलजाला, नीट ठाऊक होतं. पण मुलगी बघायची म्हणजे कशी, याची तिला एकच पद्धत येत होती. त्यामुळे पोह्यांवर ओलं खोबरं, सोफ्यावर मधोमध मिनोरी, आणि समोर पाय हलवत बसलेला नवरा, मनोहर. पाहुणीशी इंग्रजीत बोलायचं, एकमेकांशी मराठीत.

"उंची किती गं?"

"पाच फूट दोन."

"चष्मा?"

"नाही."

"ममा, स्टॉप इट!"

"तू गप्प रे. विचारायला नको? घे गं, लाजू नकोस. आणि आधीचे दोन... ते कोणाकडून मोडलं?"

मिनोरीने प्रामाणिकपणे विचार केला. "एक दातांमुळे. एक गुडघ्यामुळे."

शैलजा मराठीत वळली. "अहो, हाडांचं काहीतरी दिसतंय हिच्याकडे."

शब्द कळले नाहीत, सूर कळला. मिनोरीने आजवर नऊ-नऊ परीक्षक सोसले होते, पण त्यांच्यासमोर निदान खायला लागत नसे.

मनोहरने घसा साफ केला. "हॉबी म्हणून उत्तमच. आम्हीच घातलं त्याला स्केटिंगला, कॉलेजच्या अर्जात उठून दिसतं म्हणून. दिसलंही. पण आता पुढे काय?"

"ऑलिम्पिक. जपानकडून," मिनोरी म्हणाली आणि कप खाली ठेवला. "तिथे दोघांचं नागरिकत्व एकच लागतं. म्हणजे त्याला जपानला येऊन राहावं लागेल, जपानी व्हावं लागेल. आणि अमेरिकेचा पासपोर्ट सोडावा लागेल. आत्ता सुरुवात केली तर जेमतेम जमेल."

मनोहरचा पाय हलायचा थांबला. सतरा वर्षं तो ग्रीन कार्डच्या रांगेत होता. वडील गेले तेव्हाही, भारतात गेलं तर परतताना व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल म्हणून, फोनवरच रडला होता. आणि या पोराने तो पासपोर्ट जन्मताच मिळवला होता, रांगेत न उभा राहता.

"सोडायचा?" तो म्हणाला. "सोडायचा?"

"नाचायला?" शैलजाने भर घातली.

सगळ्यांनी परीक्षितकडे पाहिलं. तीन दिवसांत ज्याची पकड एकदाही सैल पडली नव्हती, तो पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला लावत होता.

"आय मीन... इट्स कॉम्प्लिकेटेड, यार."

"आम्ही विचार करून कळवतो हं," मनोहर म्हणाला.

मिनोरी जपानी होती. तिच्या गावीही नकार याच कपड्यांत घरी येतो. ती उठली, कमरेत वाकली, दाराशी बसून बुटांच्या नाड्या स्केटच्या ओढाव्यात तशा करकचून ओढू लागली. शैलजा उरलेल्या पोह्यांचा डबा घेऊन आली.

"आणि हो, माझी भाची आहे, रुही, सात वर्षांची. शनिवारी शिकवशील तिला? पुढे कॉलेजला बरं पडतं."

मिनोरी गोड हसली. "विचार करून कळवते हं."

गाडीत बसून तिने कोचला मेसेज केला: "पुढचा बघू या. पण स्केट्स बांधायच्या आधी त्याला पासपोर्टचं विचारा."