आत्याचा डावा कान

आत्याच्या हातात चप्पल आली की समोरच्याचं काही खरं नसे. साकोलीच्या बसस्टँडवर एकानं तिला मुद्दाम धक्का मारला. पट्टा तुटेपर्यंत तिनं त्याला बडवलं आणि अनवाणीच गावाची, सानगडीची बस पकडली.

तारे नि दूरचे ग्रह कसे जन्मतात, यावर ती पुण्यात संशोधन करायची. आम्ही पोरं विचारायचो, तर सांगे, “तिथं शांत काही नसते. वायूचा ढग आपल्याच भारानं आत कोसळते, नवा तारा आजूबाजूचं फाडत सुटते. गोट्यावर गोटे आदळतेत, तवा कुठं ग्रह बनते.” सांगताना टेबलावर अशी मूठ आपटे की चहा सांडायचा.

ही नोकरी लागण्याआधी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी पाहुणे तिला बघायला येणार होते आणि ती निघाली पुण्याला, मुलाखतीला. आजोबांनी बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं, तिला भर अंगणात झोडपलं. तुतारी मोडली, मग हातानं. कानातून रक्त आलं. आई सांगते, आत्यानं रक्त ओढणीनं पुसलं, आजोबांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि बॅग उचलून चालू पडली. नोकरी मिळाली, कान मात्र गेला. “इकडून बोल,” ती म्हणे, “तो कान बाबाले देला.”

आजोबांनी एकदा तरी ‘चुकलं’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठीच ती दर सुट्टीत यायची. आजोबा म्हणायचे, “मारलं म्हनून तं शिकली.” की आत्याचं ताट भिंतीवर!

एका कोवळ्या ताऱ्याभोवती बनत असलेला ग्रह तिच्या चमूला सापडला, तेव्हा गावानं सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे बोलले, “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ताराही मार खाऊनच घडतो, नाही का ताई?” आत्यानं त्यांच्या हातातला माईक हिसकावला. “ताऱ्याले दुखत नाही, भाऊ. मले दुखलं.” पहिल्या रांगेतले आजोबा मान खाली घालून बसले होते. ती वाट पाहत उभी राहिली. ते बोलले नाहीत. शाल खुर्चीवर टाकून ती निघून गेली. मला तेव्हा आजोबांचा फार संताप आला.

पुढच्या वर्षी आजोबा गेले. मीच तिला फोन केला.

“जाताना माह्यासाठी काही म्हटलं का बाबानं?”

“नाही, आत्या.”

“मंग मी नाही येत,” ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच हमसून हमसून रडत राहिली.