घोसाळ्याची जाळी

न्हाणीघरातली वाळक्या घोसाळ्याची जाळी आज मी पाठ घासायचं सोडून नुसती बघत बसले. गेल्या वर्षी भाचीनं असंच एक घोसाळं मागितलं, तेव्हा मी सोबत चंदनी साबणही पाठवला होता. अंघोळीलाच हवं असणार, दुसरं काय!

परवा तिनं मला तिच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "आत्या, साबण मी संपवला. घोसाळ्यावर काय वाढतंय ते बघ." त्या धाग्यांवर, मूळपेशींपासून घडवलेल्या यकृताच्या पेशी एकमेकींना बिलगून पसरल्या होत्या. "कालपासून पित्तसुद्धा करायला लागल्यात. माणसाच्या पोटात जायला अजून वर्षं लागतील, पण जगल्यात गं!"

तिचे बाबा, म्हणजे माझा दादा, यकृत निकामी होऊन गेला, तेव्हा आम्ही दोघी नुसत्या बघत उभ्या होतो. वेल मांडवावर चढते, एवढंच मला माहीत होतं. वेलीच्या सांगाड्यावर माणसाचा जीव चढू शकतो, हे दादाच्या पोरीनं दाखवलं.

सकाळी शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "अहो, घोसाळी जून होतायत, भजी करा की!"

मी मान ताठ करून म्हटलं, "भजी विसरा. यंदा वेलीला यकृतं धरलीत!"